वायफाय चालतं, वायरचं नेट तेवढं सकाळी रुसतं

जिन्यावरची खोली, इंदूर:

नमस्कार मंडळी.

नेट बंद पडलं की आमच्या घरी पहिला उपाय म्हणजे मोडेम बंद करून दहा आकडे मोजणे. तो झालाय. दुसरा म्हणजे ह्यांनी वर येऊन वायर जराशी हलवून बघणे. तोही झालाय. तिसरा तुमच्याकडे मागायला आलेय.

घर रामबागेत, सासऱ्यांच्या वेळचं, भिंती दीड फुटी. मोडेम खाली बैठकीत आहे, कारण फायबरवाल्यानं तिथल्या खिडकीतून तार आत घेतली आणि तिथेच सोडून गेला. माझा कॉम्प्युटर जिन्यावरच्या खोलीत. तिथे वायफायची एकच काडी येते, तीही लाजत. म्हणून गेल्या दिवाळीत ओळखीतल्या एका मुलाकडून लॅनची वायर वर ओढून घेतली. तीसेक मीटर असेल. बैठकीतून जिन्याखाली आणि तिथून विजेच्या तारांच्याच पट्टीतून वर.

जूनपासून मी कॅलिफोर्नियातल्या सात मुलांना मराठी शिकवते. मंगळवार ते शनिवार, आपल्या सकाळी साडेसहाला. तिकडे तेव्हा आदल्या दिवसाच्या संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. जूनपर्यंत मी वर दुपारचीच बसायचे, तेव्हा कधी काही अडलं नाही. क्लास सुरू झाला आणि मागोमाग ही भानगडही.

सातच्या आसपास नेट जातं. परवा 'ळ' शिकवत होते. जीभ मागे वळवून टाळूला लावून दाखवली आणि नेमकं तेव्हाच चित्र गोठलं. मुलांच्या पडद्यावर बाई तोंड वासून बसलेल्या. त्यांनी त्याचा फोटो काढून ठेवलाय.

कॉम्प्युटर म्हणतो, केबल निघालीय. ती निघालेली नसते. मी दर वेळी खट् वाजेपर्यंत दाबून बघते. डब्याच्या मागे जिथे वायर जाते तिथले दोन्ही दिवे विझतात, काही सेकंदांनी लागतात, पुन्हा विझतात. वीस-पंचवीस मिनिटं हा खेळ चालतो, मग आपोआप शांत. तेवढ्या वेळात खाली ह्यांच्या मोबाइलवर वायफायनं भजनं मस्त चालू असतात. आणि हे रोज होत नाही. काल झालं, आज नाही.

विंडोज १० आहे, कॉम्प्युटर पाच वर्षांचा. वायर तपासायला एक जण येऊन गेला. त्याच्या डबीवर एक ते आठ सगळे दिवे ओळीनं लागले. "केबल एकदम ओके है आंटीजी," म्हणाला आणि दीडशे रुपये घेऊन गेला.

नवं काही घ्यायला लगेच सांगू नका. आधी कारण सांगा.


झटपट:

राउटर बदला. नाहीतर वायफाय एक्स्टेंडर लावा. आजकाल वायरी कोण ओढतं?


जिन्यावरची खोली:

मी ओढते. वर लिहिलंय, भिंत दीड फुटी आहे.


लष्करचा पोऱ्या, ग्वाल्हेर:

काकू, राउटर, म्हणजे तुमचा तो खालचा मोडेम, नका बदलू. खाली वायफायवर भजनं चालू राहताहेत म्हणजे राउटर जिवंत आहे आणि बाहेरून येणारं नेटही. जे काही बिनसतंय ते तुमचा कॉम्प्युटर आणि राउटर यांच्या मधल्या तीस मीटरमध्ये, किंवा दोन टोकांच्या दोन खोबणींमध्ये. शोधायची जागा इतकी लहान झाली हेच खूप आहे.

एक सोपी गोष्ट आधी उरकून टाका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डावर दोनदा क्लिक करा आणि पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी दिलेली असेल तर ती खूण काढा. यानं तुमचं दुखणं जाईल असं मला वाटत नाही, कारण क्लास चालू असताना कार्ड झोपत नाही. पण करून टाका, म्हणजे कुणी पुन्हा विचारणार नाही.

खरं काम पुढे आहे. नेट जाईल तेव्हा काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, आयपीकॉन्फिग लिहून एंटर मारा आणि काय दिसतं ते इथे सांगा. १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता दिसला तर समजायचं की वायर लागलेली आहे, पण राउटरनं पत्ता दिला नाही, म्हणून विंडोजनं स्वतःच एक लावून घेतला. मीडिया डिसकनेक्टेड असं दिसलं तर गोष्ट त्याच्याही खालची. पत्त्याचा प्रश्नच येत नाही, कारण दोघांना एकमेकांचा आवाजच येत नाहीये. मग डीएनएस साफ करा, विन्सॉक रीसेट करा वगैरे जे सगळीकडे सांगतात ते करण्यात अर्थ नाही.

दुसरं, काकांची मदत घेऊन कॉम्प्युटर एक दिवस खाली न्या आणि हातभर वायरीनं सरळ मोडेमला लावा. आणि वरच्या वायरीला कुणाचा तरी लॅपटॉप लावून बघा. जो गुन्हेगार आहे तो ज्याच्यासोबत जाईल तिथे भांडण होईल.

इथरनेटच्या स्टेटसमध्ये स्पीड किती दिसतो तेही सांगा. तात्पुरतं म्हणून कार्डाच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये स्पीड १०० फुल डुप्लेक्स करून ठेवलं तरी चालेल, कधी कधी त्यानं जोड टिकतो.


डायलटोन, बडोदे:

पोऱ्या, बाकी सगळं शंभर टक्के, शेवटचं वाक्य मात्र मागे घे. एका टोकाला हातानं १०० फुल बांधून ठेवलं आणि दुसरं टोक ऑटोवर राहिलं, तर ऑटोवाल्याला वेग ओळखता येतो पण फुल की हाफ ते कळत नाही. नियमाप्रमाणे तो हाफ धरून चालतो. मग एक बाजू दोघांनी एकदम बोलायचं म्हणते, दुसरी एका वेळी एकानंच. जोड टिकल्यासारखा दिसतो आणि नेट गोगलगाईसारखं चालतं. ताई बिचाऱ्या दुसऱ्याच बिघाडाच्या मागे लागतील. ऑटोच राहू दे.

ताई, मी टेलिफोन खात्यात तीस वर्षं लाईनवर काढली. कॉम्प्युटरमधलं मला बेताचंच कळतं, तारांमधलं जरा जास्त. तुमच्या पत्रात मला दोन गोष्टी टोचल्या. एक, विजेच्या तारांच्याच पट्टीतून वर. दोन, काल झालं आज नाही. जो बिघाड घड्याळ बघून येतो त्याला घरातलंच काहीतरी बोलावत असतं. आठ दिवस वेळ लिहून ठेवा. नेट गेलं ती वेळ, परत आलं ती वेळ, आणि तेव्हा घरात काय काय चालू होतं. मिक्सर, गीझर, इस्त्री, सगळं.


लष्करचा पोऱ्या:

मागे घेतलं काका. काकू, ऑटोच ठेवा.


माळव्यातली:

विषय नाही, तरी लिहिते. वायर कुठेही घराबाहेरून, गच्चीवरून गेलेली नाही ना? आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात शेजारच्या इमारतीवर वीज पडली आणि गच्चीवरून आणलेल्या लॅनच्या वायरीच्या दोन्ही टोकांची उपकरणं गेली. पावसात कडकडाट सुरू झाला की मी आता खोबणीतून वायरच काढून ठेवते.


जिन्यावरची खोली:

आठ नाही, बारा दिवस झाले. उशीर झाला, पण वाया गेला नाही.

वीज वाचवायची खूण काढली. फरक शून्य. माळव्यातली, वायर पूर्ण घरातूनच आहे.

काळी खिडकी आता मला सवयीची झाली. बहुतेक वेळा मीडिया डिसकनेक्टेड दिसलं, दोनदा मात्र तो १६९ वाला स्वयंघोषित पत्ता दिसला. स्पीड १०० दाखवतो.

कॉम्प्युटर खाली आणला. हे म्हणाले, तुझ्या क्लासपायी माझी कंबर जाणार. बैठकीत मोडेमशेजारी पाटावर ठेवून हातभर वायरीनं क्लास घेतला, एकदम स्वच्छ. भाचीचा लॅपटॉप वरच्या वायरीला लावला, तर त्याचंही तेच, विझ-लाग विझ-लाग. म्हणजे कार्ड सुटलं, मोडेम सुटला, अडकली ती वायर. इथवर मलाही कळलं.

आता खरी गंमत. वेळा मी लिहिल्या दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर, नेट गेलं त्या दिवशी लाल फुली. त्याच कॅलेंडरवर हे गेली कित्येक वर्षं निळ्या पेनानं 'न' लिहितात. न म्हणजे नळ. इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. सत्तरएक किलोमीटरवरून, जलूदहून पंप करून आणतात, तेव्हा रोज कुठून देणार. आमच्या गल्लीत नळ येतात पावणेसातला. ते आले की हे हौदावरची मोटर लावतात, म्हणजे हौदातलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि हौद नव्या पाण्याला मोकळा होतो.

बाराव्या दिवशी दूध मांडायला गेले आणि बघतच राहिले. माझी प्रत्येक लाल फुली ह्यांच्या निळ्या 'न'वर बसलेली. एकच 'न' बिनफुलीचा. त्या दिवशी विचारलं तर हे म्हणाले, अगं त्या दिवशी कुठे मुख्य लाईन फुटली होती, नळ आलेच नाहीत, मी आदल्या रात्रीच लिहून ठेवलेला 'न'.

तरी मी लगेच विश्वास ठेवला नाही. दुपारी तीनला, नळाचा काही संबंध नसताना, वर बसून १९२.१६८.१.१ ला, म्हणजे खालच्या मोडेमलाच, पिंग लावलं, हाक मारायची आणि उत्तर येतं का बघायचं. पुढे डॅश टी, म्हणजे थांबवेपर्यंत चालत राहतं. ओळी सरसर उतरत होत्या, एक मिलिसेकंदाच्या आत उत्तर. जिन्यातून ओरडले, लावा! खालून मोटरचा आवाज आला आणि पडद्यावर रिक्वेस्ट टाइम्ड आउट. बंद करा! चारपाच सेकंदांनी पुन्हा उत्तरं. सहा वेळा केलं, पाच वेळा हेच. शेजारच्या वहिनी गच्चीवरून विचारून राहिल्या होत्या की तुमचं भांडण झालंय का.

म्हणजे मोटर. पण मोटर का? घरात लाइट जरा मंद होते मोटर लागताना, पण मोडेम बंद पडत नाही. आणि आता काय करू, नळाच्या दिवशी सुट्टी देऊ का मुलांना?


लष्करचा पोऱ्या:

काकू, हे वाचून मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. राउटरलाच पिंग केलंत हे बेस्ट. बाहेरच्या नेटचा त्यात हातच नाही हे आपोआप सिद्ध झालं. विजेच्या धक्क्यानं राउटर रीस्टार्ट होत असता तर काकांची भजनंही थांबली असती. आता वायर विजेच्या पट्टीतून काढून वेगळ्या वाटेनं न्या, प्रश्न संपला.


डायलटोन:

संपला नाही रे. ऐक.

मोटरची तार आणि लॅनची वायर एका पट्टीतून जाणं चूकच आहे. पण घरगुती एका हॉर्सपॉवरच्या मोटरीनं धड बांधलेली लॅनची वायर अशी कोलमडत नाही. ही वायर तेवढ्यासाठीच पिळलेली असते. आत आठ तारा, त्यांच्या चार जोड्या, प्रत्येक जोडी आपापसांत पिळलेली. हा पीळ काही आजचा नाही. टेलिफोनवाल्या बेलनं स्वतः १८८१ मध्ये पिळलेल्या जोडीचं पेटंट घेतलं होतं, कारण त्याच्याही तारांना शेजारच्या तारांचा त्रास व्हायचा.

पीळ काय करतो? जोडीतल्या दोन तारांवर निरोप उलटसुलट जातो आणि पलीकडचा फक्त दोघींमधला फरक वाचतो. दोन भावांच्या पगारात पाच हजारांचा फरक आहे आणि दोघांचेही शंभर-शंभर कापले, तर फरक पाच हजारच राहतो ना? तसंच. मोटरचा खरखराट दोन्ही तारांवर सारखाच पडला की वजाबाकीत जातो. आणि तो सारखा पडावा म्हणून पीळ, कधी ही तार मोटरजवळ, कधी ती. पण जोडीच चुकीची लावली, एक तार या पिळातली आणि एक त्या पिळातली, तर एकावर जास्त पडतं, दुसरीवर कमी, आणि फरकच बिघडतो.

म्हणून ताई, माझा संशय टोकांवर आहे. दोन्ही टोकांचे पारदर्शक कनेक्टर बघा. कुलुपाची जीभ खाली, सोनेरी दात वर, वायर तुमच्याकडे. डावीकडून उजवीकडे आठ रंग सांगा.


जिन्यावरची खोली:

भिंग घेऊन बघितलं. दोन्ही टोकांना सारखंच आहे. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. किती व्यवस्थित लावलंय, पहिलीतल्या मुलांच्या जोड्या केल्यासारखं. यात चूक काय?


डायलटोन:

व्यवस्थित आहे हीच चूक.

बरोबर क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. बघा, हिरवी जोडी फोडून निळीच्या दोन अंगांना उभी केलीय. दिसायला वेडंवाकडं, पण लॅनमध्ये ३ आणि ६ ही जोडी आहे, ३ आणि ४ नाही. याचं कारणही आमच्याच खात्यातलं. मधले दोन दात, ४ आणि ५, टेलिफोनच्या पहिल्या जोडीचे, आणि दुसरी जोडी तिच्या बाहेरून ३ आणि ६ वर. ती जुनी मांडणी या खोबणीत तशीच उतरली.

तुमच्याकडे ३ वर पांढरा-हिरवा आहे आणि ६ वर निळा. दोन वेगळ्या पिळांतल्या अनोळखी तारा जोडी म्हणून काम करताहेत. शांत घरात निभावतं, मोटर लागली की बोंब.

आणि त्या डबीचं म्हणाल तर ती खोटं बोलली नाही. ती एवढंच विचारते, इकडची तिसरी तार तिकडे तिसरीलाच पोचली का? दोन्ही टोकांना एकच चूक केली की उत्तर हो. कोण कोणाशी पिळलेलं आहे ते तिला दिसत नाही. दिसणारी यंत्रं असतात, पण ती दीडशे रुपयांत घरी येत नाहीत.

याचा आणखी एक पुरावा तुम्हीच दिलाय. स्पीड १००. मोडेमला आणि कार्डाला दोघांनाही गिगाबिट, म्हणजे १०० च्या दहापट वेग, येत असेल तर तिथे १.० जीबीपीएस दिसायला हवं होतं. १०० च्या वेगाला चारच तारा पुरतात, १, २, ३ आणि ६. १९९९ मध्ये याच तांब्याच्या वायरीवरून गिगाबिट न्यायचं प्रमाण ठरलं तेव्हा आठही तारा कामाला लागल्या. तुमची दोन यंत्रं आधी ठरवतात गिगाबिट बोलू, जमत नाही, पुन्हा ठरवतात, पुन्हा जमत नाही, मग १०० वर उतरतात. दिवे परत लागायला चार-पाच सेकंद त्यामुळेच असावेत.


लष्करचा पोऱ्या:

काका, माझ्या हॉस्टेलच्या खोलीत मी स्वतः अशीच ओळीनं लावलेली वायर आहे. तीन मीटरची आहे म्हणून चालली असेल. आत्ता जाऊन बघतो.


झटपट:

तरी एक्स्टेंडरनं काम झालं असतं.


जिन्यावरची खोली:

काका, ज्यानं वायर लावली तो मुलगा आता नोकरीला बेंगळुरूला आहे, त्याला त्रास देत नाही. मीच करणार. काय काय लागेल आणि काय काय चुकेल ते सांगा. कात्री, सुई, भरतकाम येतं मला.


डायलटोन:

भरतकाम येतं म्हणजे निम्मं झालं. जेल रोडवर सहज मिळेल: एक क्रिम्पिंग टूल, म्हणजे कनेक्टर वायरीवर दाबून बसवायची पक्कड, थोडे आरजे-४५ कनेक्टर आणि तीच एक ते आठची डबी. कनेक्टर दोन लागतील, तुम्ही दहा घ्या.

बाहेरचं आवरण इंचभर सोला, आतल्या तारांना ओरखडा जाऊ देऊ नका. पीळ उलगडा, बोटांनी सरळ करा, क्रमानं चपट्या धरा आणि एका रेषेत कापा. उघडा भाग अर्ध्या इंचाहून जास्त ठेवायचा नाही. पीळ जितका टोकापर्यंत राहील तितकं बरं. कनेक्टरमध्ये सरकवलं की आठही तारांची टोकं समोरच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत आणि बाहेरचं आवरणही आत आलेलं पाहिजे, म्हणजे दाबल्यावर पकड आवरणावर बसते, नाजूक तारांवर नाही. मगच दाबा. एकदा दाबला की तो कनेक्टर सुटत नाही, कापून फेकायचा.

एक तार ब्लेडनं हलकी खरवडूनही बघा. आत लालसर निघालं तर तांबं. वर लाल आणि आत चांदीसारखं निघालं तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. तसं असेल तर टोकं नीट बांधूनही किती दिवस चालेल सांगता येत नाही, नवीच ओढा.

आणि ताई, यापेक्षा महत्त्वाचं एक. सहापैकी एकदा नेट गेलं नाही म्हणालात ते माझ्या डोक्यातून जात नाही. मोटर तीच, वायर तीच. मोटरच्या स्विचमध्ये ठिणगी पडते का बघा. जळका स्विच असेल तर खरखराट तिथून येतोय, आणि तो नेटसाठी नाही, तुमच्या घरासाठी धोक्याचा आहे. मेन बंद करून वायरमनकडूनच उघडून घ्या, स्वतः नाही.


जिन्यावरची खोली:

झालं! सविस्तर लिहिते, कारण माझ्यासारखी आणखी एखादी असेल.

जेल रोडवर दुकानदाराला सांगितलं, क्रिम्पिंग टूल दाखवा. तो माझ्या मागे बघून राहिला होता, कुणी मुलगा वगैरे आहे का बरोबर. दहा कनेक्टर सुटे द्यायला तयार नाही, पन्नासाचं पाकीटच घ्या म्हणाला. घेतलं.

रंगांचा क्रम पाठ होईना, तेव्हा मुलांसाठी करते तसंच स्वतःसाठी केलं: पाना ना, पाहि नि, पानि हि, पात त. दोनदा म्हटलं की बसतं. ह्यांच्या हातात बॅटरी दिली आणि म्हणायला लावलं. पात त ला त्यांना हसू यायचं आणि बॅटरी हलायची.

वरच्या टोकाला वायरीचं वेटोळं शिल्लक होतं, तिथे निवांत केलं. पहिला कनेक्टर वाया, सहावी तार भिंतीला टेकलीच नव्हती, मला टेकलीशी वाटली. दुसराही वाया, मी कनेक्टर उलटा धरून पाना उजवीकडून सुरू केलं. तिसरा बरोबर. खालच्या टोकाला वायर जेमतेम होती, म्हणून श्वास रोखून एकदाच केलं आणि जमलं, फक्त मोडेम आता चार बोटं भिंतीकडे सरकलाय. मधे एक तार खरवडली, आत लालच निघालं. काका, ते बरं झालं.

डबीवर दिवे एक ते आठ लागले. ते तर आधीही लागत होते, म्हणून त्यांच्याकडे फारसं बघितलंच नाही. कॉम्प्युटरला लावलं आणि स्टेटस उघडलं. १.० जीबीपीएस. मी ह्यांना हाक मारली, ह्यांना वाटलं पुन्हा मोटर लावायचीय, ते खाली पळाले आणि लावलीच. मग राहू दिलं. काळ्या खिडकीत पिंग चालू, खाली मोटर चालू, वीस मिनिटं, एकही ओळ चुकली नाही.

आज नळाचा तिसरा दिवस गेला त्यानंतर. सातला मोटर लागल्याचा आवाज क्लासमध्ये मुलांनाही ऐकू जातो, तेवढाच. एकीनं विचारलं, बाई, व्हॉट इज दॅट? म्हटलं, नळ आले. म्हणा, नळ. आता तिचा 'ळ' सगळ्यांत चांगला आहे.


लष्करचा पोऱ्या:

काकू, जबरदस्त. मीही माझी वायर कापून पुन्हा लावली. पात त मलाही चिकटलंय. १०० चं १००० झालं, आणि मी दोन वर्षं वॉर्डनला शिव्या घालत होतो.


डायलटोन:

पाना ना आमच्या खात्यात कुणाला सुचलं नाही. ताई, स्विचचं काय झालं ते लिहिलं नाहीत.


जिन्यावरची खोली:

लिहायचं राहिलं. काल वायरमन आला, मेन बंद करून उघडला. एका बाजूचं पितळ काळंठिक्कर, बाजूचं प्लॅस्टिक वितळून फुगलेलं. तो म्हणाला, ये तो कभी भी पकड़ लेता. नवा लावला, मोटरच्या क्षमतेचा. मंद होणारी लाइटही आता तेवढी मंद होत नाही. ह्यांनी जुना स्विच टेबलावर ठेवलाय आणि आल्या-गेल्याला दाखवतात, नेटच्या नावानं हा सापडला म्हणून. पट्टीतून लॅनची वायर वेगळी करायचं काम पाऊस संपला की काढेन, जिन्याच्या दुसऱ्या अंगानं नेणार आहे.

पाकिटात पंचेचाळीस कनेक्टर उरलेत, एक सराव म्हणून शेजारच्या वहिनींच्या मुलानं दाबला. रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर, कुणाला लागले तर घेऊन जा. टूल मात्र परत आणून द्यायचं.